तळे आणि ताळेबंद : छत्तीसगडातील मराठी अंमलाचा एक विचार

रायपूर शहराच्या पूर्व अंगास, नागपूरहून संबळपूरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याला लागून तेलीबांधा नावाचे एक तळे आहे. छत्तीसगडी बोलीत 'बांधा' म्हणजे बांध घालून अडविलेले पाणी. तळ्याच्या नावात कोणा राजाचे नाव नाही, देवतेचे नाही, विजयाची आठवण नाही. आहे ती घाण्यावर तेल गाळणाऱ्या एका श्रमिक आणि व्यापारी जातीची. गेल्या काही वर्षांत या तळ्याभोवती फरसबंदी झाली, दिवे लागले, काठची जुनी वस्ती हलविण्यात आली, उंच राष्ट्रध्वज उभारला गेला आणि शहरातील लोक त्या परिसराला 'मरीन ड्राइव्ह' म्हणू लागले. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्याचे नाव समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या एका तळ्याला मिळावे, ही गोष्ट गंमतीची खरीच. परंतु पश्चिमेकडून आलेले नाव या भूमीवर चढविले जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. अडीचशे वर्षांपूर्वी याच वाटेने नागपूरकरांच्या फौजा आल्या, त्यांच्यामागून कमाविसदार आणि फडणवीस आले, आणि तळ्यांच्या या देशाची मोजदाद मोडी लिपीतल्या वह्यांत होऊ लागली. त्या मोजदादीत काय आले आणि काय सुटले, हा प्रश्न मराठी वाचकाने स्वतःला अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

छत्तीसगडचे आजचे क्षेत्रफळ सुमारे १,३५,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे ग्रीस या देशाहून किंचित अधिक. उत्तरेस सरगुजाचा डोंगराळ मुलूख, पश्चिमेस मैकल पर्वताची रांग, दक्षिणेस बस्तरचे पठार, आणि या तिहींच्या मध्ये महानदी व शिवनाथ यांच्या खोऱ्याचे सखल मैदान, अशी या प्रदेशाची घडण आहे. महानदी धमतरीच्या दक्षिणेस सिहावाच्या डोंगरांत उगम पावते, प्रथम उत्तरेकडे वाहते आणि शिवनाथला पोटात घेऊन मग पूर्वेस ओडिशाकडे वळते. बस्तरचे पाणी मात्र इंद्रावतीवाटे गोदावरीला मिळते. मैदानातल्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीची चार नावे केली आहेत : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे मुरमाड, लालसर माळ. कन्हार म्हणजे पाणी धरून ठेवणारी काळी जमीन. मटासी आणि डोरसा यांचे स्थान या दोहोंच्या मधले. एकाच गावाच्या शिवारात चढापासून उतारापर्यंत या चारही जमिनी आढळू शकतात. पाऊस पुष्कळ पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो. आणि मुख्य पीक भाताचे. लागवडीनंतर आठ-पंधरा दिवसांची उघडीप पडली तरी भात करपतो. पावसाळ्यातले पाणी आश्विनापर्यंत थोपवून धरणे, हीच या मैदानातील शेतीची पहिली अट होय. तळे हा तेथे सौंदर्याचा विषय नव्हता, पोटाचा होता.

म्हणूनच या भूमीची आत्मगणना तळ्यांच्या संख्येत होते. जुन्या, नांदत्या गावाचे वैभव सांगताना छत्तीसगडी माणूस 'छै आगर छै कोरी' तळ्यांचा उल्लेख करतो. कोरी म्हणजे वीस. मराठीतली 'कोडी' तीच. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६. रतनपूर, मल्हार, खरोद अशा प्राचीन स्थळांविषयी ही संख्या सांगितली जाते. ती प्रत्यक्ष मोजणीतून आलेली आहे असे मानण्याचे कारण नाही. पूर्णतेची ती कल्पना आहे. तळे खणून झाले की त्याचा विधिपूर्वक विवाह लावण्याची चालही येथे होती. पाण्याच्या मध्यभागी लाकडी खांब रोवला जाई आणि तो विवाहाची साक्ष म्हणून उभा राही. विवाह न झालेल्या तळ्याचे पाणी धर्मकार्याला चालत नसे. एवढ्याने भागले नाही, तर जमिनीच्या वाटपाचीही एक रीत येथील कित्येक गावांनी पाळली होती. ठरावीक वर्षांच्या अंतराने गावची जमीन पुन्हा वाटायची, जेणेकरून कन्हार एकाच्याच वाट्याला आणि भाटा दुसऱ्याच्याच कपाळी कायमची येऊ नये. या रीतीला 'लाखाबाटा' म्हणत. एकोणिसाव्या शतकातील जमाबंदी अधिकाऱ्यांनी तिची नोंद विस्मयाने केली आहे. पाणी गावाचे आणि जमीन पाळीपाळीने सर्वांची, असा हा हिशेब होता. तो कोणत्याही दप्तरात लिहिलेला नव्हता.

राज्यकर्त्यांचा हिशेब अर्थात वेगळा होता. 'छत्तीसगड' हे नाव गडांच्या संख्येवरून आले, असे परंपरा मानते. हैहयवंशी कलचुरींच्या दोन शाखांपैकी रतनपूरच्या शाखेकडे शिवनाथच्या उत्तरेचे १८ गड आणि रायपूरच्या शाखेकडे दक्षिणेचे १८ गड. एका गडात ८४ गावे. बारा गावांचा एक 'बरहों', असे सात. या मांडणीने ३६ गडांची ३,०२४ गावे होतात. प्रत्यक्षातील गावे या कोष्टकात नेमकी बसत असतील असे नव्हे. तरीही ही रचना गावाच्या मुखंडापासून, म्हणजे गौंटियापासून, वर चढत गेलेली होती आणि तिच्यातील प्रत्येक पायरीवरचा माणूस त्याच मातीत राहत होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१७४१ साली या रचनेवर नागपूरकर भोसल्यांचा पहिला आघात झाला. रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्कर राम कोल्हटकर पूर्वेच्या मोहिमेवर निघाले असता वाटेत त्यांनी रतनपूर घेतले. गादीवरचा राजा रघुनाथसिंह वृद्ध होता आणि पुत्रशोकाने खचलेला होता. त्याने फारसा प्रतिकार केला नाही. मराठ्यांनी जबर दंड घेतला, राजाला मांडलिक म्हणून ठेवले आणि ते पुढे गेले. मराठी इतिहासाला भास्कर राम ठाऊक आहे तो बंगालच्या स्वारीमुळे, १७४४ मधील त्याच्या घातामुळे. बंगाली भाषेत त्या स्वाऱ्यांविषयी गंगारामाचे 'महाराष्ट्र पुराण' लिहिले गेले. रतनपूर मात्र या कथेत केवळ वाटेवरचा मुक्काम ठरले. कटक आणि बंगाल हे लक्ष्य. छत्तीसगड हा तिकडे जाण्याचा रस्ता. पुढच्या शंभर वर्षांतील मराठी अंमलाचे स्वरूप या आरंभातच बीजरूपाने दिसते.

रायपूरच्या शाखेचा शेवट १७५० नंतरच्या काही वर्षांत झाला. तेथील राजा अमरसिंह याच्याकडून राज्य काढून घेऊन त्याला थोडेसे परगणे खंडणीच्या अटीवर देण्यात आले. त्याच्या मुलाकडे शेवटी गावागणिक एक रुपया घेण्याचा हक्क उरला. शतकानुशतकांच्या राजवंशाचे विसर्जन अशा एका हिशेबी आकड्यात व्हावे, याहून त्या काळाचे दुसरे नेमके चित्र सापडणे कठीण आहे. १७५५ मध्ये पहिले रघूजी वारले आणि त्यांच्या चार पुत्रांत मुलूख वाटला गेला. जानोजी नागपूरला राहिला, मुधोजीकडे चांदा गेला, साबाजीकडे वऱ्हाडाचा भाग आला, आणि सर्वांत दूरचा छत्तीसगड बिंबाजीच्या वाट्यास आला.

बिंबाजी १७५८ मध्ये रतनपूरला आला आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. मराठी अंमलातील हा काळ उरलेल्या काळाहून निराळा आहे, आणि त्याचे कारण एवढेच की राज्यकर्ता प्रदेशात राहत होता. रतनपूरच्या रामटेकडीवर त्याने राममंदिर बांधले. नागपूरजवळच्या रामटेकची स्मृती त्या नावात आहे. विजयादशमीला आपट्याची पाने सोने म्हणून वाटण्याची मराठी रीत त्याच्या दरबाराने तेथे रुजविली, असे सांगतात. कारभारात मराठी आणि मोडी लिपी आली. राजनांदगाव आणि खुज्जी या दोन नव्या जमीनदाऱ्या त्याने निर्माण केल्या. बिंबाजीच्या राज्यकारभाराचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्याचा आरंभ लुटीतूनच झालेला होता आणि त्याचे सैन्य महसुलावरच पोसले जात होते. परंतु रतनपुरात वसूल झालेला पैसा बहुतांशी रतनपुरात खर्च होत होता, आणि राजा ज्या तळ्याचे पाणी पीत होता तेच त्याची प्रजाही पीत होती.

त्याच्यानंतर हा प्रदेश त्याच्या पुतण्याच्या, व्यंकोजीच्या नावे झाला. व्यंकोजीने मात्र नागपूर सोडून रतनपूरला वास्तव्य केले नाही. बिंबाजीची विधवा आनंदीबाई हिने आपला अधिकार राखण्याचा यत्न केला, पण प्रत्यक्ष कारभार सुभेदारांकडे गेला. महिपतराव दिनकर हा पहिला सुभेदार. त्याच्यानंतर आलेल्या विठ्ठलराव दिनकराने १७९० च्या सुमारास जुनी गडांची व्यवस्था मोडली आणि परगण्यांची नवी व्यवस्था घातली. छत्तीस गडांच्या जागी सत्तावीस परगणे झाले. प्रत्येक परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणवीस, बरारपांडे, पोतेदार अशी अधिकाऱ्यांची साखळी आली. जमीनदारांकडून 'टाकोळी' घ्यायची, मालाच्या ये-जा करण्यावर 'सायर', बिगरशेती कुटुंबांवर 'पंढरी', दारूवर 'कलाली' अशा करांचे वर्गीकरण झाले. प्रशासनाचा इतिहास लिहिणाऱ्याला ही सुधारणा वाटेल, आणि एका अर्थी ती होतीही : अनियमिततेच्या जागी नोंद आली. तथापि सुभेदारी ठेक्याच्या तत्त्वावर दिली जात असल्यामुळे सुभेदाराची नजर पुढील वर्षाच्या पिकावर नसून या वर्षाच्या रकमेवर राहिली. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक आणि संबळपूर गेले. भोसल्यांच्या उत्पन्नात पडलेली ती तूट उरलेल्या मुलखातून भरून काढण्याचा यत्न झाला आणि छत्तीसगडवरील भार वाढला.

या काळाविषयी एक छोटी नोंद मोठी बोलकी आहे. रायपुरात महाराजबंध नावाचे तळे आहे. ते मराठा अमलातील एका महसूल-ठेकेदाराने बांधल्याचे एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियर सांगतो. रयतेकडून पै-पै वसूल करणाऱ्याला आपले नाव मागे राहावे असे वाटले तेव्हा त्याने वाडा बांधला असेल वा नसेल. तळे मात्र बांधले. प्रदेशात राहिलेल्या माणसाला प्रदेश आपले मूल्य शिकवितो, असा याचा अर्थ घेता येईल. दूर नागपुरात बसलेल्या सत्तेला ते शिकण्याची संधीच नव्हती. म्हणून मराठी अंमलाचे एकच एक मूल्यमापन करण्याऐवजी राहिलेला मराठा आणि न राहिलेला मराठा असा भेद करणे अधिक न्याय्य ठरेल.

१८१७ च्या अखेरीस सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने रेसिडेंट जेंकिन्स याने कारभार हाती घेतला. छत्तीसगडवर ब्रिटिश अधीक्षक नेमला गेला. १८१८ मध्ये मेजर ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. आजच्या रायपूरचा राजधानीपणा त्या निर्णयातून निघतो. सत्तावीस परगण्यांचे आठ परगणे झाले. ॲग्न्यूने १८२० मध्ये छत्तीसगड सुभ्याविषयी विस्तृत अहवाल लिहिला. जेंकिन्सचा नागपूर राज्याविषयीचा अहवाल १८२७ चा. मराठी दप्तराची जागा इंग्रजी अहवालाने घेतली. महसुलाच्या आकड्यांबरोबर जाती, पिके, रस्ते, रीतिरिवाज यांचीही नोंद होऊ लागली. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांच्या हाती आला, तो १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारेपर्यंत. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्यानंतर दोनच वर्षांनी दुष्काळ पडला असता सोनाखानचा जमीनदार नारायणसिंह याने एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून ते भुकेल्या प्रजेत वाटले. कंपनी सरकारने हा गुन्हा मानला, आणि बंडाच्या धामधुमीत, १० डिसेंबर १८५७ रोजी, रायपुरात त्याला मृत्युदंड दिला. जुन्या हिशेबाची आणि नव्या हिशेबाची ही पहिली उघड टक्कर होती.

१८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली, राजधानी नागपूर. येथून पुढे जवळजवळ ९५ वर्षे रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदली. जमाबंदीत गौंटिये आणि ठेकेदार हे मालगुजार म्हणून जमिनीचे मालक ठरले, आणि ज्या गावात जमीन पाळीने फिरत होती तेथे ती सातबाऱ्यासारख्या नोंदीत कायमची बांधली गेली. लाखाबाटा हळूहळू नाहीसा झाला. १८८० नंतरच्या दशकात नागपूरकडून लोहमार्ग आला. भात बाहेर जाऊ लागला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ आले. याच काळात वकील, शिक्षक, कारकून आणि रेल्वेनोकर म्हणून मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने छत्तीसगडात स्थिरावली. भोसल्यांच्या काळी आलेला मराठी माणूस सत्ताधारी होता; हा मराठी माणूस मध्यमवर्गीय होता, आणि त्याच्या हातात शस्त्र वा सनद नसून वर्तमानपत्र आणि पाठ्यपुस्तक होते.

माधवराव सप्रे हे त्यांतील सर्वांत तेजस्वी नाव. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या सप्र्यांचे शिक्षण बिलासपूर-रायपूरला झाले. दुष्काळाच्या ऐन वर्षी, जानेवारी १९०० मध्ये, त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक आणि वामनराव लाखे हे प्रकाशक. तीन मराठी माणसांनी एका आडवळणाच्या गावातून हिंदीत मासिक काढावे आणि त्याला आपल्या मायभूमीचे नव्हे तर आपल्या राहत्या प्रदेशाचे नाव द्यावे, ही घटना साधी नाही. शासनाच्या कागदाबाहेर, साहित्याच्या क्षेत्रात 'छत्तीसगड' हे नाव अभिमानाने मिरविणारे हे आरंभीचे नियतकालिक होय. मासिक तीन वर्षे चालले. पुढे सप्र्यांनी नागपूरहून 'हिंदी केसरी' काढला, १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि क्षमापत्र देऊन सुटका झाल्याचे शल्य त्यांनी आयुष्यभर बाळगले. त्या आत्मक्लेशाच्या काळात त्यांना 'दासबोधा'चा आधार मिळाला. दासबोध आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आले ते त्यांच्या लेखणीतून. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. बिंबाजीच्या काळात मराठी ही छत्तीसगडात आज्ञा देणारी भाषा होती. सप्र्यांच्या हाती ती देणगी देणारी भाषा झाली.

वामनराव लाख्यांनी सहकारी चळवळ हाती घेतली. शेतकऱ्याला सावकाराच्या वहीतून सोडविण्यासाठी १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी राहिली, तीमागे त्यांचे परिश्रम होते. परंतु पाणी आणि वसुली यांचा जुना झगडा ज्या एका प्रसंगात पूर्णपणे प्रकट झाला तो धमतरीजवळच्या कंडेल गावचा. दुष्काळांनंतर सरकारने महानदीवर रुद्री येथे बंधारा घालून कालवे काढले होते. कालव्याच्या पाण्यासाठी गावांनी दहा वर्षांचा करार करावा, असा सरकारचा आग्रह होता. कंडेलच्या ग्रामस्थांनी तो नाकारला. त्यांचा हिशेब सरळ होता : कराराची रक्कम चार हजारांवर जात होती, आणि तेवढ्या पैशात गावाला स्वतःचे मोठे तळे बांधता आले असते. १९२० च्या पावसाळ्यात कालव्याचे पाणी गावच्या शेतांत आले. सरकारने पाणीचोरीचा आरोप ठेवून गावावर सामुदायिक दंड बसविला आणि वसुलीसाठी गुरे जप्त केली. ती गुरे बाजारोबाजार लिलावासाठी फिरविली गेली, पण बोली लावायला कोणी पुढे आले नाही. या सत्याग्रहाचे नेतृत्व राजिमचे पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांनी केले. अखेर दंड मागे घेण्यात आला. मेघावाले हे मराठी होते. ज्या भाषेतील कमाविसदारांनी १७९० मध्ये या मैदानाचे परगणे पाडले होते, त्याच भाषेचा एक माणूस १९२० मध्ये वसुलीच्या विरोधात, गावाच्या तळ्याच्या बाजूने उभा राहिला. मराठी माणसाच्या छत्तीसगडातील इतिहासाला याच ठिकाणी वळण मिळाले, असे म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९४८ रोजी छत्तीसगडातील १४ संस्थाने प्रांतात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि रायपूरची राजधानी भोपाळला गेली. नागपूरशी असलेला राजकीय धागा तुटला. सांस्कृतिक धागा मात्र तुटला नाही. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले, आणि १९६४ मधील अखेरच्या आजारापर्यंत तेथेच होते. घरची भाषा मराठी, भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले मान्यवर कवी, आणि गजानन माधवांची कविता मात्र हिंदीची. बिंबाजीने निर्माण केलेल्या जमीनदारीच्या गावी, राणीसागर आणि बुढासागर या दोन तळ्यांच्या मधोमध असलेल्या वास्तूत, आधुनिक हिंदी कवितेची एक सर्वश्रेष्ठ साधना चालू होती. इतिहासाच्या वर्तुळाला असाही एक बिंदू असतो.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. त्याच्यापाशी भिलाईचा पोलाद कारखाना होता, ज्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. बैलाडिल्याचे लोहखनिज होते, कोरब्याचा कोळसा होता. राज्याच्या सुमारे चार दशांश भूमीवर वन होते. २००१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २,०८,३३,८०३. २०११ मध्ये ती २,५५,४५,१९८ झाली. साक्षरतेचे प्रमाण या दहा वर्षांत ६४.६६ वरून ७०.२८ टक्क्यांवर आले. दर हजार पुरुषांमागे ९९१ स्त्रिया, हे प्रमाण महाराष्ट्राला लाजविणारे आहे. परंतु तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी काढलेले दारिद्र्याचे प्रमाण छत्तीसगडात ३९.९३ टक्के निघाले, देशाचे २१.९२ आणि महाराष्ट्राचे १७.३५. भूमीच्या पोटात एवढी संपत्ती असलेले राज्य त्या यादीत सर्व राज्यांच्या तळाशी होते. निती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्याच्या मोजणीत २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात हे प्रमाण सुमारे ३० वरून १६.३७ टक्क्यांवर उतरले, ही समाधानाची गोष्ट आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. सोळा जिल्ह्यांचे २०१२ पर्यंत सत्तावीस झाले, २०२२ मध्ये तेहतीस. छत्तीस गड, सत्तावीस परगणे, आठ परगणे, सोळा जिल्हे, सत्तावीस, तेहतीस : दोनशे तीस वर्षे सत्ता या भूमीचे तुकडे पुन्हा पुन्हा मोजीत आली आहे. विठ्ठलराव दिनकराचा सत्तावीस हा आकडा काही काळ पुन्हा परत यावा, हा योगायोगच; पण तो अभ्यासकाला थबकायला लावतो.

आकड्यांचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. प्रश्न कोणते आकडे कोणासाठी मोजले जातात, हा आहे. याचे एक उदाहरण रायपुरातच आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० नंतरच्या दशकात रायपूरच्या भात संशोधन संस्थेतून गावोगाव माणसे पाठवून भाताच्या स्थानिक वाणांचे नमुने गोळा केले. त्यांची संख्या १७,००० च्या पुढे गेली. भाटा जमिनीत तगणारे, उघडीप सोसणारे, पुरात उभे राहणारे, सुवासाचे, औषधी असे हे वाण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेले होते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या संग्रहाखालोखाल रायपूरच्या कृषी विद्यापीठातील या संग्रहाचा उल्लेख केला जातो. २००२ मध्ये एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीबरोबर विद्यापीठाचा करार होण्याच्या बेतात असल्याचे उघड झाले तेव्हा शेतकरी आणि कार्यकर्ते यांनी कडाडून विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. बाहेरच्यांच्या दृष्टीने ते हजारो नमुने ही मालमत्ता होती. कंडेलच्या शेतकऱ्यांच्या नातवंडांच्या दृष्टीने ती आठवण होती. एकाच संख्येचे दोन अर्थ येथे समोरासमोर आले.

मराठी अंमलाचा ताळेबंद मांडताना दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. जमेस रतनपूरचे मंदिर, आपट्याची पाने, नोंदींची शिस्त, आणि पुढे सप्रे, लाखे, मेघावाले, मुक्तिबोध. नावे टाकावयाच्या रकमेत गडांची मोडलेली रचना, ठेक्याची वसुली, आणि एका संपन्न देशाकडे केवळ वाटेवरचा मुलूख म्हणून पाहण्याची दृष्टी. यांतील पहिली बाजू मराठी लेखक आनंदाने सांगतो. दुसरी त्याने स्वतः लिहिल्याशिवाय पहिलीला किंमत येत नाही. बंगालच्या लोकांनी मराठ्यांविषयी काय लिहिले हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने लिहिले नाही. त्याने तळी बांधली. त्यामुळे त्याचा अभिप्राय वाचायचा तर तो तळ्यांतूनच वाचावा लागतो.

तेलीबांध्याजवळून १९०० मध्ये धमतरीपर्यंत एक छोटा लोहमार्ग घालण्यात आला होता आणि तेथे त्याचे स्थानकही होते. कंडेलच्या बाजूचा माल आणि माणसे त्या वाटेने रायपूरला येत. तो मार्ग आता बंद झाला असून त्याच्या जागी शहरातला रस्ता धावतो. सायंकाळी तळ्याकाठी फिरायला येणाऱ्यांत कोणी सिंधी, कोणी मारवाडी, कोणी बंगाली, कोणी तेलुगू, आणि कोणी मराठीही असतो. तो मराठी माणूस आज येथे कोणाचा सुभेदार नाही, कोणाचा पाहुणाही नाही. पाण्याच्या नावात त्याच्या पूर्वजांचे नाव नाही, हे त्याने ओळखावे. आणि ज्यांचे आहे त्यांनी ते तळे कोणत्याही राजाच्या आज्ञेवाचून बांधले असावे, याचीही जाणीव ठेवावी.